पिवळा धोत्रा : एका फिरंगी तणाची गोष्ट

पिवळा धोत्रा हा धोत्रा नाही, हे आधीच सांगून टाकते. इंग्रज त्याला ज्या काटेरी झाडांच्या जातीत बसवत होते, ज्यांना ते थिसल म्हणतात, त्यातलाही तो नाही. आणि आपल्याकडच्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत त्याच्यापुढे जे सुंदर संस्कृत नाव छापलेले असते, स्वर्णक्षीरी, तेही बहुधा दुसऱ्या कुणाचे तरी आहे. एका साध्या रानटी झुडपाला इतकी उसनी नावे मिळालेली मी तरी दुसरी पाहिलेली नाहीत. त्याचे त्यातल्या त्यात खरे नाव खेड्यातल्या लोकांनी ठेवले. फिरंगी धोत्रा!

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, वनस्पतिशास्त्र नव्हे. पण हे तण म्हणजे रस्त्याकडेला उगवलेला इतिहासच आहे, म्हणून आज त्याच्याबद्दल लिहावेसे वाटले.

वाचकहो, तुम्ही हे झाड शंभर वेळा पाहिले असेल. सोलापूर, नगर, मराठवाडा या बाजूला तर दिवाळी सरली की पडीक रानात, उकिरड्यावर, रेल्वेच्या रुळांकडेला, जुन्या वाड्यांच्या पडक्या जोत्यावर ते हमखास दिसते. ज्वारी-हरभऱ्याच्या रानातही घुसते. उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंत. दुरून पाहिले तर पाने हिरवी नसून निळसर राखाडी वाटतात, जणू वरून राख भुरभुरली आहे. जवळ गेल्यावर दिसते की पानांच्या शिरांच्या कडेने पांढरे पट्टे आहेत. पान खोल कातरलेले, आणि प्रत्येक कातऱ्याच्या टोकाला पिवळसर काटा. पानाला देठ नाहीच. ते खोडाला तळाशी मिठी मारून बसलेले असते.

फूल मात्र देखणे. पिवळेजमक, रेशमी कागदाचे केल्यासारखे, दीड-दोन इंच रुंद. पाकळ्या मोजा, बहुतेक वेळा सहा भरतील, तीन बाहेर आणि तीन आत. मध्ये पिवळ्या केसरांचा दाट झुबका, आणि त्या झुबक्याच्या बरोबर मधोमध एक तांबडा ठिपका. हा ठिपका म्हणजे स्त्रीकेसराचे टोक. पुढे त्याच जागी बोंड धरते. बोटाच्या दोन पेरांएवढे लांबट, चार-सहा फाकांचे, अंगभर काटे. वाळले की ते टोकाकडून उघडते आणि आत मोहरीसारख्या काळपट बिया दिसतात. एका बोंडात तीनशे-चारशे सहज निघतात.

पण एवढे सगळे लक्षात ठेवण्याची गरज नाही. एकच खूण पुरे. काठीने फांदी मोडा. मोडल्या जागी हळदीसारखा पिवळा चीक लगेच वर येतो. आपल्या परिसरातल्या दुसऱ्या कोणत्याही काटेरी रानझुडपाला असा पिवळा चीक नाही. भुईरिंगणी घ्या. तिच्या पानांच्या शिरांवर काटे असतात, पण ती जमिनीसरपट पसरते, फुले जांभळी, फळ सुपारीएवढे गोल आणि पिकल्यावर पिवळे. उटकटारा घ्या. त्याचा तर काटेरी चेंडूच असतो आणि पानांची खालची बाजू पांढरी, कापूस लावल्यासारखी. खरा धोत्रा घ्या. त्याला पानावर काटे नाहीतच, फूल कर्ण्यासारखे लांब. फक्त फळ काटेरी. त्या काटेरी फळावरूनच आपल्या लोकांनी या पाहुण्याला धोत्रा म्हटले, हे उघड आहे. (हाताने मोडू नका, काठीनेच मोडा. काटे टोचतात, आणि तो चीक कातडीला आणि डोळ्यांना चांगला नाही.)

आता काटेरी झाडांच्या कुळाबद्दल. युरोपातली थिसल ही सूर्यफुलाच्या कुळातली. त्यांचे जे एक फूल आपल्याला वाटते ते प्रत्यक्षात शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्या कुळातले काटेरी भाईबंद आपल्याकडेही आहेत. वर सांगितलेला उटकटारा त्यातलाच. आणि दुसरा तर आपल्या घरातलाच आहे, करडई! ज्वारीच्या रानाला कडेने करडईचे तास घालतात ते तिच्या काट्यांमुळे जनावर आत शिरू नये म्हणून. म्हणजे ज्याचे तेल आपण पिढ्यान् पिढ्या खाल्ले ते खरे थिसल, आणि ज्याला लोक थिसल समजतात तो पिवळा धोत्रा मुळी अफूच्या कुळातला. खसखशीचा चुलतभाऊच म्हणा. अफूच्या बोंडातून पांढरा चीक येतो, याच्या अंगातून पिवळा.

नावांचा घोळ इथे संपत नाही. तमिळ लोक या झाडाला ब्रह्मदंडु म्हणतात, तेलुगूतही तसेच नाव आहे. आपल्या मराठीत ब्रह्मदंडी म्हणजे वेगळीच वनस्पती, आणि गंमत अशी की ती करडईच्या कुळातली आहे. बंगालीत शियालकाँटा, म्हणजे कोल्ह्याचा काटा. गुजरातीत दारूडी, आणि हिंदीत सत्यानाशी. हे शेवटचे नाव ज्या शेतकऱ्याने ठेवले असेल त्याच्या रानात हे किती माजले असेल, याची कल्पना येते. गुरे त्याला तोंड लावत नाहीत. त्यामुळे गुरांनी चरून बाकीचे गवत संपवले की रान याला मोकळे!

असो. मुद्दा इतिहासाचा.

या झाडाचे शास्त्रीय नाव आर्जेमोनी मेक्सिकाना. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात ते नोंदले. मेक्सिकाना म्हणजे मेक्सिकोची. आर्जेमोनी हा शब्द मात्र जुन्या ग्रीकांचा. डोळ्यात पडणाऱ्या फुलाला, म्हणजे पांढऱ्या डागाला ते आर्जेमा म्हणत, आणि त्यावर जी अफूसारखी वनस्पती वापरत ती आर्जेमोनी. ग्रीकांनी हे मेक्सिकोचे झाड कधी पाहिले असणे शक्य नाही. युरोपीय पंडितांनी नव्या जगातल्या झाडाला जुन्या जगातले नाव चिकटवले. आपल्या लोकांनी धोत्रा म्हटले त्यात आणि यात फरक तो काय?

मेक्सिकोचे मूळ रहिवासी त्याला चिकालोत्ल म्हणत. स्पॅनिश लोकांनी त्याचे चिकालोते केले, आणि मेक्सिकोत आजही तेच नाव चालते. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर उतरला, त्यानंतर शंभर वर्षांच्या आत हे झाड युरोपातल्या बागांत पोचले होते. इंग्लंडमध्ये जॉन जेरार्ड नावाचा एक वैद्य-माळी होता. त्याने १५९७ साली वनस्पतींवर मोठा ग्रंथ छापला, त्यात हे झाड आहे. त्याला वेस्ट इंडीजच्या एका बेटावरून आलेल्या बियांतून ते मिळाले. त्याने त्याला पेरूचे सोनेरी थिसल म्हटले, आणि तिकडचे लोक त्याला नरकातले अंजीर म्हणतात असेही लिहून ठेवले. का म्हणत असतील याचा त्याने केलेला तर्क मजेदार आहे. फळ अंजिरासारखे, पण ते काट्यांसकट कुणाच्या घशात अडकले तर माणूस स्वर्गात नाहीतर नरकात रवाना व्हायचाच! म्हणजे थिसलचा गैरसमज चारशे वर्षांहून जुना आहे. मुद्दाम आणून, कुंडीत जपून, पाहुण्यांना दाखवण्याची ही वस्तू होती. हिच्याच वंशजांवर पुढे तणनाशके फवारायची वेळ आली.

भारतात ते नेमके कोणत्या जहाजातून उतरले, याचा कागद नाही. तणे परवाना काढून येत नाहीत. धान्याच्या पोत्यात, जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरलेल्या माती-दगडांत, नाहीतर कुणा हौशी पाद्र्याच्या बियांच्या पुडीत, कशातूनही आले असेल. पण पोर्तुगीज आणि त्यांच्या मागून आलेले डच-इंग्रज यांच्या दळणवळणातून ते आले, असेच बहुतेक जाणकार मानतात. याच वाटेने मिरची आली, बटाटा आला, काजू, पपई, अननस आले. मिरची नसलेले मराठी स्वयंपाकघर आज कुणाला डोळ्यांसमोर आणता येईल का? ज्यांचा उपयोग झाला त्यांना आपण घरात घेतले आणि त्यांचे मूळ विसरलो. याचा उपयोग दिसेना, म्हणून हा उकिरड्यावर राहिला आणि फिरंगी हे नाव त्याला चिकटून राहिले.

खेड्यातल्या माणसाची नाव ठेवायची एक रीत असते. नवी वस्तू दिसली की ती कोणत्या जुन्या वस्तूसारखी आहे ते पाहायचे आणि पुढे विलायती किंवा फिरंगी लावायचे. विलायती चिंच पाहा. ती चिंच नाही, विलायतेचीही नाही, तीही मेक्सिकोच्याच बाजूची. पण विलायती या शब्दात एवढी माहिती तर नक्की आहे की हे झाड आमच्या आजोबांच्या आजोबांनी लावलेले नव्हे. फिरंगी धोत्रा या दोन शब्दांत एका अक्षरशत्रू माणसाने एका झाडाचा इतिहास आणि वर्णन दोन्ही बसवले आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, त्यात हे झाड आहे. तोवर ते गावोगाव पसरून जुने झाले होते.

आता त्या स्वर्णक्षीरीकडे वळते. खरे तर हा लेख तिच्यामुळेच लिहायला घेतला.

मागच्या थंडीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो पन्नाशीला आलाय, शेती करतो. त्याने व्हॉट्सॅपवर या झाडाचा फोटो आणि सोबत एक लांबलचक मजकूर पाठवला होता. मजकुरात लिहिले होते की ही चरकसंहितेतली स्वर्णक्षीरी, हिच्या मुळाचा काढा घेतल्याने मधुमेहापासून नपुंसकत्वापर्यंत सगळे बरे होते, आणि परकीयांनी ही विद्या आपल्यापासून लपवून ठेवली. "बाई, आप्पा चार दिवस झाले हा काढा घेतायत," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर चालू ठेवतो."

मी म्हटले, आधी काढा बंद कर, मग आप्पांना डॉक्टरांकडे ने, आणि मग निवांत बोलू. त्याला ते पटले नाही. "पण बाई, चरकांनी लिहिलंय ना?"

चरकांनी स्वर्णक्षीरी लिहिली आहे, हे खरे. सुश्रुतांनीही लिहिली आहे. पण चरकसंहिता आज आपल्यासमोर आहे त्या रूपात दीड हजार वर्षांहून जुनी आहे, आणि हे झाड अमेरिकेचे. ज्याने जे झाड पाहिलेच नाही तो त्याचा गुण कसा लिहील? स्वर्णक्षीरी म्हणजे जिचा चीक सोन्यासारखा आहे ती. एवढ्या एका खुणेवरून पुढच्या काळातल्या कुणीतरी रस्त्याकडेच्या झाडाला हे नाव दिले. खरी स्वर्णक्षीरी कोणती यावर वैद्यमंडळींतच वाद आहे, आणि वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या वनस्पती सुचवल्या आहेत. जुन्या निघंटूंत तिचे एक नाव हैमवती असे येते, म्हणजे हिमालयातली. आमच्या बाजूच्या उकिरड्यावर, चाळीस अंशांच्या उन्हात उभे असलेले हे झाड हैमवती कसे होईल?

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते इतिहासाच्या शिक्षिकेला शोभणार नाही. उत्तर भारतातल्या काही उत्खननांत कोलंबसाच्या कितीतरी आधीच्या थरांत या झाडाच्या जळक्या बिया सापडल्या, असे काही पुरातत्त्वज्ञांनी म्हटले आहे. सीताफळाबद्दलही तसाच दावा आहे. सीताफळ हेही मूळचे अमेरिकेचे. कोलंबसापूर्वी कुणी महासागर ओलांडून ये-जा करत होते का, हा प्रश्न त्यातून निघतो. पण बारीक बी उंदरांच्या बिळांतून, जमिनीच्या भेगांतून, नांगराच्या तासातून खालच्या थरात जाऊ शकते, आणि जळक्या बीची ओळख पटवणे हेही सोपे नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक हा दावा मान्य करत नाहीत. मलाही तो पटलेला नाही. आणि समजा तो खरा निघाला, तरी त्यावरून चरकांची वनस्पती हीच, हे सिद्ध होत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

मला खरे आश्चर्य वाटते ते भावमिश्रांचे. सोळाव्या शतकातला हा वैद्य. त्याच्या काळात पोर्तुगिजांबरोबर एक नवा गुप्तरोग देशात आला होता. त्याने त्याला सरळ फिरंग रोग असे नाव दिले आणि तो फिरंग्यांच्या संसर्गाने होतो असे लिहिले. जुन्या संहितांत तो रोग ओढूनताणून शोधला नाही. नवी गोष्ट नवी आहे असे म्हणण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे जमले ते आजच्या व्हॉट्सॅपवरच्या वैद्यांना का जमू नये?

विद्यार्थ्याला हे सगळे फोनवर सांगितले. तो "हो बाई, हो बाई" करत राहिला. आप्पांनी काढा सोडला तो मात्र चरकामुळे नाही आणि कोलंबसामुळेही नाही. आप्पा माळकरी. हे झाड अफूच्या कुळातले आहे म्हटल्यावर ते दचकले आणि भांडे मोरीत उपडे केले!

बरे झाले. कारण या झाडाच्या विषाचा जो इतिहास आहे तो आप्पांना सांगण्याजोगा नव्हता.

१८७७ साली कलकत्त्यात एका विचित्र आजाराची नोंद झाली. दोन्ही पायांवर सूज यायची, बोटाने दाबले तर खड्डा पडायचा, कातडी लाल व्हायची, मग दम लागायचा, आणि काही रोगी हृदय थकून दगावायचे. एकाच घरातली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे एकदम आजारी पडायची. लगेच पुढच्या वर्षी, १८७८-७९ मध्ये, मॉरिशसमध्येही असाच आजार दिसला, जिथे हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर नेले होते. डॉक्टरांनी नाव दिले साथीचा जलोदर. म्हणजे जंतूमुळे पसरणारी साथ असावी, असे धरूनच चालले होते. कुणी म्हणाले हा बेरीबेरीच. पुढे १९२० नंतरच्या वर्षांत ॲक्टन आणि चोप्रा या नामवंत डॉक्टरांचा संशय साठवणीतल्या खराब तांदळावर होता. बंगाली माणूस भात खातो, म्हणून भात दोषी! तो भातावर ओतले जाणारे तेलही खातो, हे फारसे कुणाच्या डोळ्यांत भरले नाही.

१९२६ साली सरकार नावाच्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की मोहरीच्या तेलात या काटेरी झाडाच्या बियांचे तेल मिसळल्याने हा आजार होतो. त्याकडे लगेच कुणी गांभीर्याने पाहिले नाही. १९३७ पासून लाल आणि रॉय यांनी घरोघर जाऊन हिशेब मांडले, कोणत्या घरात कोणत्या दुकानाचे तेल, कुणाच्या पायावर सूज. १९३९ साली चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर स्वयंसेवकांना संशयित तेल जेवणातून देऊन पाहिले, आणि आजार उभा राहिला. तांदळाचा संशय ज्यांनी धरला होता त्यांतलेच एक चोप्रा या प्रयोगात पुढे होते. मला ही गोष्ट फार आवडते. १९४८ साली दुसऱ्या एका सरकारांनी, एस. एन. सरकारांनी, त्या तेलातले सँग्विनरीन नावाचे विषारी द्रव्य वेगळे करून दाखवले. पहिल्या नोंदीपासून इथवर यायला एकाहत्तर वर्षे लागली.

या विषाने शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पाणी पाझरते, म्हणून सूज. काही रोग्यांच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि दृष्टी जाते. ज्या झाडाला डोळ्याच्या औषधाचे नाव दिले त्याने माणसे आंधळी व्हावीत, काय म्हणावे? आपण रोज करतो त्या तळण-फोडणीने हे विष नाहीसे होत नाही.

हे झाड नेमके मोहरीच्याच मागे का लागले, याचे कारण त्याच्या बीमध्ये आणि त्याच्या वेळापत्रकात आहे. उत्तरेत मोहरी पिकते तेव्हाच, मार्च-एप्रिलात, याची बोंडेही पिकतात. बी मोहरीएवढेच, रंग काळपट तपकिरी, आणि तिसरा हिस्सा तरी तेलच. शेतात उगवलेले चार झुडपे कापणीत आली तर थोडे बी चुकून मिसळते. पण पडीक रानातून फुकट मिळणारे बी मुद्दाम गोळा करून घाण्यात घालायचे, हा मोह काही व्यापाऱ्यांना आवरला नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात हा आजार फारसा माहीत नाही, कारण आपण शेंगदाण्याचे, करडईचे, कोकणात खोबऱ्याचे तेल खातो. मोहरी आपल्याकडे फोडणीपुरती. एवढ्याशा सवयीने आपण वाचलो.

१९९८ सालचा ऑगस्ट-सप्टेंबर मात्र वर्तमानपत्रे वाचणाऱ्या सगळ्यांना आठवत असेल. दिल्लीत सुमारे तीन हजार माणसे आजारी पडली आणि साठाहून अधिक मेली. सरकारने मोहरीच्या तेलाच्या विक्रीवर बंदी घातली. लोकांच्या घरातले डबे गटारात रिकामे झाले. मी तेव्हा नववीच्या वर्गावर होते. औद्योगिक क्रांतीचा पाठ बाजूला ठेवून एक तास या बातमीवर घेतला होता. मुलांना धक्का याचा बसला की विषाचे झाड आमच्या शाळेच्या कुंपणाबाहेर फुललेले होते आणि त्याच्या पिवळ्या फुलांचे हार करून ती खेळत असत. त्याच सप्टेंबरात खाद्यतेल सुटे न विकता बंद डब्यात-पिशवीतच विकावे, असा केंद्र सरकारचा आदेश निघाला. तरी २००५ साली लखनौत हा आजार पुन्हा दिसलाच. गरीब माणूस पाच-दहा रुपयांचे तेल बाटलीत मागतो, त्याला बंद डबा परवडत नाही, आणि जिथे मागणी आहे तिथे कुणीतरी सुटे विकतोच.

या सगळ्यात झाडाचा दोष काय? ते बिचारे आपल्या बिया गुरांपासून वाचवण्यासाठी विष बाळगते. त्याला कुणी बोलावले नव्हते, आणि कुणी घाण्यात घाला असेही सांगितले नव्हते. घाणेरी, गाजरगवत आणि हे, असे आपल्या रानात ठाण मांडलेले परके बरेच आहेत. गाजरगवताचा पसारा तर माझ्या पिढीने डोळ्यांदेखत वाढताना पाहिला. पण त्यातल्या कुणाच्या नावावर इतक्या माणसांचे मरण नाही.

मैत्रिणींनी मला विचारले की घरच्या मोहरीत हे बी असेल तर ओळखायचे कसे. सोपे आहे. चमचाभर मोहरी पांढऱ्या ताटलीत पसरा आणि भिंग घ्या. मोहरीचा दाणा गोल, गुळगुळीत दिसतो. धोत्र्याचे बी निस्तेज असते, त्याच्या अंगावर जाळीदार रेषा असतात, आणि एका बाजूला चोचीसारखे बारीक टोक. आमच्या आजी-पणजी सुपात मोहरी पाखडून निवडत असत तेव्हा असे वेगळे बी बाजूला पडतच असे. त्यांना सँग्विनरीन ठाऊक नव्हते, पण मोहरी ठाऊक होती. तेलाची परीक्षा मात्र घरी होत नाही. त्यात तीव्र नत्राम्ल लागते. ते घालून हलवल्यावर लालसर रंग आला तर संशय घ्यायचा, ते काम प्रयोगशाळेचे.

शेतकरी वाचकांसाठी एक. हे उपटायचे तर फूल दिसताच, बोंड धरण्याआधी, आणि मुळासकट. कोवळे असताना जाड फडके हाताला गुंडाळले तरी भागते. एप्रिलमध्ये वाळलेले झाड उपटून बांधावर टाकले, तर वाऱ्याने उघडी बोंडे हलतात आणि मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसे बी सांडत जाते. ते मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. जोते खणले, रस्ता रुंद केला, विहिरीचा गाळ काढून टाकला, की त्या उकरलेल्या मातीवर पावसाळ्यानंतर पांढऱ्या शिरांची निळसर रोपे ओळीने दिसू लागतात. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी पाण्याच्या पाइपासाठी चर खणला होता. तिथे यंदा चौदा झाडे मी स्वतः मोजली.